शेजारच्या कुत्रीसाठी शिकलेली नेमबाजी

आयुष्यातलं पहिलं मातीचं कबूतर मी खाकरून उडवलं.

आमच्या गावाबाहेर नेमबाजीचं मैदान आहे. तिथे जमिनीत एक खड्डा, खड्ड्यात यंत्र, आणि ते यंत्र बशीएवढी नारिंगी चकती आकाशात भिरकावतं. हिलाच मातीचं कबूतर म्हणतात. यंत्राचं बटण कोणी दाबत नाही. नेमबाजासमोर मायक्रोफोन असतो. आपण ‘हॉप’ म्हणायचं, की चकती उडते. एवढं मी वाचून गेलो होतो. मायक्रोफोनला शब्दांशी काही देणंघेणं नसतं, आवाज झाला की त्याचं काम सुरू, हे मात्र पुस्तकात नव्हतं. मी दुनळीत काडतुसं भरली, पाय रोवले, आणि परक्या माणसांसमोर तोंड उघडण्याआधी आपला माणूस जे करतो तेच केलं, घसा खाकरला. चकती गेली. “अरेच्चा,” मी म्हणालो. दुसरी गेली. “सॉरी” म्हणालो, तिसरी गेली. मग ओठ घट्ट मिटून उभा राहिलो, तर नेमका तेव्हाच खरा खोकला आला.

मागे घडीच्या खुर्चीवर ओपा बसले होते. ओपा म्हणजे आजोबा. नात्याने आमचे कोणी नाहीत, भिंतीला भिंत लागून असलेले शेजारी आहेत. पण आमची मुलगी बोलायला लागल्यापासून त्यांना ओपा म्हणते, म्हणून आम्हीही. सत्तरी कधीच ओलांडलेली, जन्मभराचे शिकारी, आणि त्या दिवशी उजवा हात गळ्यातल्या झोळीत.

“हं, युंगे,” ते म्हणाले. युंगे म्हणजे पोरा. मी त्रेपन्न वर्षांचा आहे. “चार गेल्या. एकही घाबरलेली दिसली नाही.”

आता पुण्यातल्या शाकाहारी घरातला माणूस जर्मनीत लुडविग्सहाफेनजवळच्या कांद्या-मुळ्याच्या शेतांत दुनळी घेऊन काय करत होता, हे सांगायला हवं. तर त्याचं कारण परीक्षा. इथे शिकारीचा परवाना हवा असेल तर वर्षभर अभ्यास करावा लागतो. हरणाचं वय दातांवरून ओळखा, सशाचे रोग सांगा, कायद्याची कलमं पाठ करा. ओपांनी सहा वर्षांपूर्वी सहज मला ते जाडजूड पुस्तक दाखवलं. आपल्याकडच्या माणसाला एखादी अवघड परीक्षा दाखवायची आणि ‘बरेच जण नापास होतात’ एवढंच म्हणायचं, पुढचं तो स्वतः करतो. मी रंगीत पेनांनी टिपणं काढली. बारावीनंतर इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं. लेखीत वर्गात पहिला आलो. प्रत्यक्ष नेमबाजीत समोर रुळावरून धावणारा पत्र्याचा ससा होता, उडतं काही नव्हतं, तरी धापा टाकत पास झालो, ते मी पुण्याला फोनवर सांगितलं नाही.

बायको तेव्हा म्हणाली होती, “कागद आण बापडा. घरात मेलेलं काही यायचं नाही.” कागद आला आणि खणात पडला. नियमाप्रमाणे बंदूक ठेवायचं लोखंडी कपाट घेतलं, ओपांची एक जुनी दुनळी रीतसर माझ्या नावावर झाली. वर्षातून दोनदा तिला तेल लावायचं, एवढीच माझी शिकार.

मग कुत्री आली. म्हणजे ओपांची. तपकिरी-पांढरी, लांब कानांची, झुडपात दडलेला पक्षी शोधण्यासाठीच जन्माला घातलेल्या जातीची. गेल्या ऑगस्टमध्ये ओपा आलुबुखारची फळं काढताना शिडीवरून पडले, खांद्याचं ऑपरेशन झालं आणि कुत्री तीन आठवडे आमच्याकडे राहायला आली. पहिल्या दिवशी बायकोने तिच्यासाठी दारात जुनी चादर घातली आणि बजावलं की इथून पुढे यायचं नाही. तिसऱ्या दिवशी चादर सोफ्याशेजारी होती. आठव्या दिवशी मी पोळीला तूप मागितलं, तर कळलं की संपलंय. ओपा घरी परतले तोवर कुत्री ‘बस’ म्हटलं की बसायला लागली होती आणि ‘झिट्स’, म्हणजे तेच जर्मनमध्ये, म्हटलं की विचार करायला लागली होती.

सप्टेंबरात एका संध्याकाळी कुंपणाशी ओपा म्हणाले, “आल्झो,” म्हणजे तर मग, “हिला मी रेगेन्सबर्गला देतोय. भाच्याकडे.”

बायको कोथिंबीर खुडत होती, ती थांबली. “का?”

“डॉक्टर म्हणतो, या हिवाळ्यात बंदूक नाही.”

त्यांनी समजावून सांगितलं ते असं. कुत्रीचा हा पहिलाच शिकारीचा हंगाम. तिने गवतात फेझंट, म्हणजे कोंबड्याएवढा रानपक्षी, हुंगायचा आणि त्याच्यासमोर दगड होऊन उभं राहायचं. मग माणसाने पुढे होऊन पक्षी उठवायचा, पाडायचा, आणि तिने तो उचलून आणायचा. हा करार तिला याच हंगामात कळला पाहिजे. आपण इतक्या निष्ठेने उभे राहतो आणि पडत मात्र काहीच नाही, असं होत राहिलं की कुत्र्याचा माणसावरचा विश्वास उडतो. ते स्वतःच पक्ष्यामागे धावू लागतं आणि मग जन्मभर धावतं. आणि कामाच्या कुत्र्याला बिनकामाचं ठेवणं ओपांच्या हिशोबात क्रूरपणा. भाच्याचा हात चांगला होता.

“याच्याकडे लायसन आहे की,” बायको म्हणाली. माझ्याकडे तिने कोथिंबिरीची जुडी रोखली होती.

ओपांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. घाई अजिबात केली नाही. “गेनाऊ,” ते म्हणाले, म्हणजे अगदी बरोबर. “लायसन आहे.”

ठरलं ते एवढंच, की नोव्हेंबरअखेर, पहिल्या अॅडव्हेंटच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चौथ्या रविवारच्या आत, कुत्रीसमोर उठलेला एक तरी फेझंट मी पाडायचा. तिने तो आणला तर ती इथे राहील. नाहीतर भाचा येऊन घेऊन जाईल.

घरात आल्यावर मी म्हणालो, “तुला कळतंय ना, तू मला काय करायला सांगतेयस?”

“मी काही मारायला सांगत नाहीये,” बायको म्हणाली. “मी फक्त म्हणतेय, नीट शीक.”

“नीट शिकलो की मरणारच ना तो?”

“ते मला नको सांगूस.”

तर असा मी त्या मायक्रोफोनसमोर उभा होतो. खोकला थांबल्यावर पंचवीस चकत्या झाल्या, त्यातल्या चार फुटल्या. ओपांच्या मते त्यातली एक आधीच तडकलेली होती.

“तू नेम धरतोस,” ते म्हणाले.

“नेमबाजीत नेम नाही धरायचा?”

“रायफलने धरायचा. हिने नाही. हिने बघायचं, आणि बघता बघता मारायचं.”

माझी गोची इथेच होती. माझं सगळं लहानपण कॅरमवर गेलं. कॅरममध्ये एक डोळा मिटायचा, स्ट्रायकर एकदा इकडे एकदा तिकडे सरकवायचा, श्वास रोखायचा, समोरचा कंटाळून पाणी प्यायला जाईपर्यंत वेळ घ्यायचा. कॅरमची सोंगटी पळत नाही. पुढे नोकरी लागली ती रसायनांच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीची. तिथे पंचवीस वर्षं मला पगार मिळतोय तो मुख्यतः थांबण्याचा. सही करायच्या आधी थांब, पुन्हा बघ, आकडा जुळतोय का बघ, मग कर. आणि आता एक म्हातारा मला सांगत होता, की दोन्ही डोळे उघडे ठेव, नळीच्या टोकावरच्या मण्याकडे बघूही नकोस, पक्ष्याकडे बघ, बंदूक त्याच्या मागून आण, त्याच्यातून पुढे ने आणि थांबू नकोस.

मी घरी जाऊन जे केलं ते आमच्यापैकीच कोणी करेल. मी गणित मांडलं. फेझंटचा वेग, छऱ्यांचा वेग, अंतर, कोन, यावरून पक्ष्याच्या किती पुढे मारायचं याचा तक्ता बनवला आणि छोट्या अक्षरांत छापून बंदुकीच्या दस्त्यावर चिकटवला. पुढच्या शनिवारी ओपांनी चष्मा कपाळावर चढवून तो सगळा वाचला.

“छान आहे,” ते म्हणाले. “हा फेझंटलाही द्यायला हवा.”

त्या दिवशी पंचवीसपैकी तीन. शिवाय दस्ता खांद्यात नीट न बसवल्यामुळे खांदा निळाजांभळा झाला. बायकोने आंबेहळद उगाळून लावली. सोमवारी मीटिंगमध्ये माझ्या पांढऱ्या शर्टाच्या खांद्यावर पिवळा डाग उमटला आणि सुरक्षा विभागाच्या माणसाने अतिशय काळजीने विचारलं, की हे कुठल्या टाकीतलं आहे.

तिसऱ्या शनिवारी मुलगी बरोबर आली. ती सोळा वर्षांची आहे, मराठी सगळं समजतं, उत्तर जर्मनमध्ये. तिने मोबाइलवर माझा व्हिडिओ काढला, सावकाश गतीत लावून मला दाखवला आणि म्हणाली, “पापा, डू ब्लाइब्स्ट श्टेन.” तू थांबतोस. आणि खरंच. पडद्यावर चकती डावीकडून येते, नळी तिच्यामागून निघते, तिला गाठते, पुढे जाते आणि चाप ओढायच्या क्षणी टप्पकन थांबते. जणू कुणीतरी सहीसाठी फाइल पुढे केली आहे. छर्रे जातात, चकती केव्हाच पुढे गेलेली असते. मुलीने ते पाच वेळा लावलं. चौथ्या वेळेपर्यंत ओपांना इतकं हसू यायला लागलं होतं, की त्यांनी खांदा धरला.

उपाय त्यांनीच सांगितला. त्यांच्या डाव्या हातात ब्रेत्सेल, म्हणजे पीळ घातलेला खारा पाव होता. वरून एक कावळा चालला होता, त्याच्याकडे त्यांनी ब्रेत्सेल नुसता दाखवला आणि कावळ्याबरोबर नेत राहिले. “मी ब्रेत्सेलकडे बघतोय का? नाही. कावळ्याकडे बघतोय. हात आपोआप जातो. तुझा पुढचा हात म्हणजे हा ब्रेत्सेल. आठवडाभर बंदुकीला हात लावू नकोस. बोट दाखव.”

“कशाला?”

“जे हलेल त्याला.”

मी बाल्कनीत उभा राहून बोट दाखवायला लागलो. कबुतरं, विमानं, वाऱ्यावर चाललेली पानं. पण सगळ्यात चांगल्या वेगाने आमच्या गल्लीतून सायकली जातात. मी डावं बोट सायकलस्वाराच्या मागून आणायचो, त्याच्यातून पुढे न्यायचो, थांबायचो नाही. मंगळवारी एका गृहस्थाने कचकन ब्रेक दाबला, सायकल उभी केली आणि वर बघून गंभीरपणे विचारलं, की माझं काय चुकलं. इथल्या माणसाकडे कोणी बोट दाखवलं, की आपण कुठलातरी नियम मोडलाय हे तो धरूनच चालतो. मी काही नाही म्हणालो. त्याला ते पटलं नाही. तो मागचा दिवा लागतो का ते तपासून गेला.

“तू आत ये,” बायको म्हणाली. “लोकांना वाटेल, निवडणुकीला उभा आहेस.”

मग घरातली तालीम सुरू झाली. रिकामी बंदूक, दोनदा उघडून तपासलेली. नळीच्या तोंडात छोटी बॅटरी बसवलेली. समोरून कुणाला दिसून पोलीस यायला नकोत म्हणून खिडक्यांचे रोलाडेन, म्हणजे बाहेरची गुंडाळती झापं, पूर्ण खाली. भिंत आणि छत जिथे मिळतात त्या रेषेवरून प्रकाशाचा ठिपका न अडखळता न्यायचा, आणि नेता नेता बंदूक गालाला लावायची. गाल बंदुकीकडे न्यायचा नाही, बंदूक गालाकडे आणायची. रोज चहाआधी वीस वेळा. सुरुवातीला माझा ठिपका कपाटाच्या कोपऱ्यावर ठेचकाळायचा, आणि बायको वर न बघता वाटाणे सोलत म्हणायची, “थांबलास.” दहाएक दिवसांनी तिचं ‘थांबलास’ कमी झालं. कुत्री ओपांकडून पळून येऊन रेषेखाली बसायची आणि मान डावीकडून उजवीकडे नेत ठिपका बघायची. तिची मान कधीच थांबत नसे. तसं पाहिलं तर मी तिच्याकडूनच शिकलो.

ऑक्टोबरअखेरीस पंचवीसपैकी अकरा. नोव्हेंबरच्या दुसऱ्या शनिवारी चौदा. ओपांनी अर्धा ब्रेत्सेल तोडून मला दिला.

शेतात मात्र वेगळंच. पहिल्या दोन फेऱ्यांत पक्षीच उठला नाही. तिसऱ्या फेरीत एक उठला आणि मी इतका दचकलो की सेफ्टी काढायलाच विसरलो. कुत्रीने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. नंतर दोन पावलं पक्ष्याच्या दिशेने टाकली, ओपांनी शिट्टी मारली, थांबली. घरी आल्यावर दारात ओपा म्हणाले, “ती दोन पावलं पाहिलीस?” पाहिली होती. भाच्याचा फोन आला होता, तो पुढच्या रविवारी येणार होता.

म्हणजे उरला एकच शनिवार. त्या सकाळी मी निघालो तर बायको दारात बूट घालून उभी. अंगात नारिंगी जॅकेट, हातात थर्मास.

“तू कुठे?”

“कुत्रीला निरोप द्यायचा असेल तर तिथेच देईन. इथे रविवारी त्या भाच्यासमोर मला रडायचं नाहीये.”

शेतावर धुकं होतं, पलीकडे कारखान्याच्या चिमण्यांचे शेंडे तेवढे दिसत होते. कापलेल्या मक्याच्या बाजूला मोहरीचा हिरवा पट्टा राखलेला, गुडघाभर उंच. कुत्री त्यात शिरली, तिचं शेपूट तेवढं पाण्यावर चालल्यासारखं दिसत राहिलं. मी मधे, ओपा उजवीकडे, बायको दहा पावलं मागे.

शेपूट थांबलं.

मी पुढे झालो. पायापासून दोन हातांवर मोहरी फुटली आणि एक पक्षी वर आला. फेझंट उठतो म्हणजे कोणीतरी स्टीलच्या ताटांची चळत फरशीवर सोडावी तसं. बंदूक गालाला लागली, नळी निघाली, आणि ओपा ओरडले, “हेने.” मादी. आमच्याकडे माद्या मारत नाहीत. मी बंदूक खाली घेतली. कुत्री हलली नव्हती. पण तिने पुन्हा माझ्याकडे तसंच पाहिलं, आणि या वेळी मला तिला समजावून सांगता येईना की हा नियम आहे, माझा दोष नाही.

पट्टा संपत आला. शेवटचे वीस-पंचवीस मीटर राहिले असतील, तेव्हा ती पुन्हा थांबली, एक पाय वर उचललेला, नाक जमिनीला लागेल इतकं खाली. “हळू,” ओपा म्हणाले. मी एक पाऊल टाकलं. काही नाही. आणखी एक.

तो बाहेर आला तेव्हा आधी शेपटीच दिसली, मग तांबूस-सोनेरी अंग, आणि तो कर्कश ओरडा. “हान,” ओपा म्हणाले. नर. डावीकडे वळत चालला होता. नंतर मला काय केलं ते नीट आठवत नाही. मणी दिसला नाही, तक्ता आठवला नाही. फक्त त्याच्या मानेभोवतीचा पांढरा पट्टा स्पष्ट दिसत होता. आवाज झाला. तो हवेतच घडी घातल्यासारखा मिटला आणि धुक्यात पलीकडे पडला. आणि मी थांबलोच नाही. बंदूक फिरतच राहिली, तिच्यामागे मी फिरलो, आणि मोहरीत एका गुडघ्यावर बसलो. नळ्या तेवढ्या आकाशाकडे राहिल्या.

कुत्री जागची हलली नव्हती. ओपांनी हळूच हुकूम दिला. ती धुक्यात गेली.

मग बराच वेळ काही नाही. मी बंदूक उघडून रिकामी केली. ओपा गळ्यातली शिट्टी हातात धरून उभे होते, फुंकत नव्हते. बायको माझ्याजवळ येऊन उभी राहिली. “गेली का?” ती कुजबुजली. दूर रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला.

मग धुक्यात तपकिरी काहीतरी हललं. तोंडात तो भलामोठा पक्षी, शेपटी एका बाजूला लोंबतेय, मान मागे टाकलेली, रुबाबात चालत ती आली. माझ्याकडे बघितलंही नाही. सरळ ओपांसमोर गेली, बसली आणि थांबली. ओपांनी डाव्या हाताने पक्षी घेतला. तो तसाच धरून ते दुसरीकडे वळले आणि बराच वेळ शेताकडे बघत राहिले.

“वाइडमान्सहाइल,” शेवटी ते मला म्हणाले. शिकार झाली की असं म्हणतात, आणि त्याला ठरलेलं उत्तर असतं. परीक्षेत मला त्या प्रश्नाला पूर्ण गुण होते. मी म्हणालो, “सेम टू यू.”

भाच्याला त्यांनी तिथूनच फोन लावला. “येऊ नकोस. आल्झो, ये, पण केक खायला.”

पक्षी ओपांच्या तळघरात गेला. घराच्या नियमाला धक्का लागला नाही. आम्ही गाडीत बसलो. बायको पूर्ण रस्ता खिडकीबाहेर बघत होती. घराच्या दारात गाडी बंद केली, तेव्हा ती म्हणाली:

“तो पडला तेव्हा मला फार वाईट वाटलं. आणि तुझा नेम चुकला असता, तर त्याहून वाईट वाटलं असतं. हे मी आईला सांगणार नाहीये. तूही कुठे लिहीत बसू नकोस.”